वतन मोठे की राज्य?

सोमाटणे फाट्यावरून आत वळले की शिरगाव येते. गुरुवारी इथे गाड्यांची रांग लागते ती प्रतिशिर्डीच्या साईमंदिरासाठी. हवेत हार-पेढ्यांचा वास असतो आणि जवळच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची अखंड घरघर. दर्शन घेऊन माणसे लगेच परत फिरतात. मात्र पवना नदी धरून वरच्या अंगाला निघाले, तर खोरे हळूहळू अरुंद होत जाते आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. त्या डोंगरांवर लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चार किल्ले आहेत. हा पवन मावळ.

१६६५च्या मे महिन्यात याच खोऱ्यात दाऊदखान कुरेशीची फौज शिरली. मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला होता. गड झुंजत होता आणि दिवस जात होते. तेव्हा मिर्झाराजांनी सुमारे सात हजार स्वार वेढ्यातून काढून मावळात सोडले. त्यांना किल्ले घ्यायचे नव्हते. किल्ल्यांखालची गावे जाळायची, गुरे वळवायची आणि माणसे धरायची, एवढाच हुकूम होता. रोहिड्याच्या बाजूची, राजगडाच्या पायथ्याची गावे जाळून फौज पुण्यावर आली आणि तिथून लोहगडाकडे वळली. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग यांच्या पायथ्याची वस्ती पेटली. पावसाळा तोंडावर होता, शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवले होते, आणि नेमके तेच आगीत गेले.

हिंदुस्थानच्या बादशहाने एका डोंगरी खोऱ्यातली नाचणी-वरीची गावे का जाळावीत? बंडखोर दिल्लीला नवे नव्हते. बंडखोराला मनसब द्यायची किंवा त्याचे डोके कापायचे, हे दोन उपाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. मिर्झाराजांना मात्र दिसले होते की इथे शिवाजी नावाच्या माणसाला पकडून भागणार नाही. गावे त्याला सारा देत होती आणि त्याच्याकडे दाद मागत होती. माणसे त्याच्या गडावर पगारी चाकरी करत होती. तीस वर्षांपूर्वी या खोऱ्यात राज्य नावाची गोष्ट नव्हती. आता होती, आणि ती गावात मुरलेली होती.

ती आली कशी, आणि पुढे निसटली कशी, याची ही गोष्ट.

दोन तह, दोन डोंगरी मुलूख

१६३६ साली शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला. अहमदनगरची निजामशाही संपली होती आणि तिच्या मुलखाची वाटणी करायची होती. पुणे आणि चाकणचा टापू, कोकणातला काही भाग विजापूरच्या वाट्याला आला. उरलेले मोगलांनी घेतले. मावळातल्या कुणाला यात विचारायचे कारणच नव्हते. जमीन जशी विकली जाते तशी कुळे तिच्याबरोबर जातात.

तीनच वर्षांनी, १६३९ साली, उस्मानी सुलतान आणि इराणचा सफवी शहा यांनी झुहाबचा तह केला. त्यांच्या सरहद्दीवर कुर्द लोकांचा डोंगराळ मुलूख होता आणि तोही असाच दोघांत विभागला गेला. कुर्दांकडे भाषा होती, डोंगर होते, लढणारी माणसे होती, पिढीजात सरदार होते. त्या शतकाच्या अखेरीस अहमद खानी या कुर्द कवीने आपल्या दीर्घकाव्यात खंत मांडली की आमच्यात शौर्याची उणीव नाही, पण आम्हाला आमचा राजा नाही, आणि आमचे सरदार एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. पुढे महायुद्धे झाली, साम्राज्ये बुडाली, नवे नकाशे आले. आज कुर्द तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विखुरलेले आहेत आणि त्यांना स्वतःचा देश नाही.

मावळची १६३६ मधली स्थिती याहून फार निराळी नव्हती. इथेही सरदार होते. त्यांना देशमुख म्हणत. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, उत्रवळीला खोपडे, जावळीत मोरे. देशमुखाने आपल्या तर्फेतला सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा आणि आपला हक्क ठेवून घ्यायचा. पदरी हत्यारबंद माणसे ठेवायची. गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी याच साखळीतले. या हक्काला वतन म्हणत. ते बापाकडून मुलाकडे जायचे, गहाण पडायचे, विकले जायचे, आणि त्याच्यासाठी चुलतभावाच्या मानेवर तलवारही पडायची. पातशाही बदलली की देशमुख नव्या दरबारात जाई, नजराणा ठेवी, नवी सनद घेई आणि घरी येऊन जुनीच गादी झाडून बसे.

म्हणूनच राज्य नसल्याचे दुःख इथल्या वतनदाराला फारसे नव्हते. वतन सुरक्षित असले की पातशहा कोण, हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला असे. परक्या सत्तेला मावळात पाय रोवायला स्वतःची फार माणसे लागलीच नाहीत, कारण वतनाच्या कागदाने ती इथलीच माणसे बांधून ठेवत होती. दुःख होते ते रयतेचे. फौजा आल्या की घर तिचे जळे, आणि गेल्या की सारा तिलाच भरावा लागे. १६३०च्या सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, त्यावर गाढवांचा नांगर फिरवल्याची आठवण लोकांनी जपली. पाठोपाठ दुष्काळ आला. पण रयतेच्या नावाने कुठली सनद निघत नसे.

पेमगिरीचा बालराजा

स्वतःचे राज्य उभारण्याचा पहिला मोठा प्रयत्न शहाजीराजांनी केला होता. १६३३ साली दौलताबाद पडले आणि निजामशहा मोगलांच्या कैदेत गेला. तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातले एक लहान मूल पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. सुमारे तीन वर्षे त्यांनी एकाच वेळी दोन पातशाह्यांना तोंड दिले. शेवटी १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला आणि ते मूल मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले आणि पुढे त्यांची नेमणूक कर्नाटकात झाली.

पराक्रम, मुत्सद्देगिरी आणि फौज या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. तरी राज्य दुसऱ्याच्या नावाने चालवावे लागले, कारण स्वतःच्या नावाने चालवले असते तर मानले कोणी असते? इतर मराठा सरदारांच्या दृष्टीने भोसले त्यांच्यासारखेच एक चाकर होते. बरोबरीच्या माणसापुढे मान का लववायची? हा पेच तलवारीने सुटणारा नव्हता.

युरोपातही त्याच सुमारास हा पेच दिसला. १६४० साली स्पेनच्या राजाविरुद्ध कॅटलोनिया आणि पोर्तुगाल दोघेही उठले. पोर्तुगालकडे ब्रागांझा हे स्वतःचे राजघराणे होते आणि राज्य गेल्याला साठच वर्षे झाली होती. लढत लढत १६६८ साली त्यांनी स्पेनकडून स्वातंत्र्याची मान्यता मिळवली. कॅटलोनिया फ्रान्सच्या राजाच्या छत्राखाली गेला आणि १६५२ साली बार्सिलोना पडल्यावर पुन्हा स्पेनच्या ताब्यात आला. एकाच वर्षी पेटलेल्या दोन बंडांची ही दोन टोके. हे पोर्तुगीज तेव्हा वसई-गोव्यात आपले शेजारीच होते.

रांझ्याचा पाटील

शहाजीराजांच्या मुलाने सुरुवात फार खालून केली. तोरणा, राजगड या गडांच्या कथा सर्वांना पाठ आहेत. मला त्याहून मोलाचा वाटतो २८ जानेवारी १६४६चा एक कागद. पुण्याच्या दक्षिणेला असलेल्या रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअंमल केला. त्याची चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटीलकी काढून दुसऱ्याकडे देण्यात आली. शिवाजीराजे तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते. पत्रावर त्यांची संस्कृत मुद्रा आहे. मुद्रा उमटलेल्या सर्वांत जुन्या पत्रांत हे गणले जाते.

शिक्षा त्या काळाइतकीच क्रूर आहे. पण कागदाचा अर्थ रांझ्याच्या रयतेला लगेच कळला असणार. पाटील हा वतनदार, म्हणजे गावापुरता राजाच. त्याच्यावर दाद मागता येते आणि वतन जाऊ शकते, ही बातमी होती. तालुक्याच्या गावी कुठला झेंडा आहे यापेक्षा ती मोठी होती. राज्य माणसाला पहिल्यांदा भेटते ते असे, गाऱ्हाणे ऐकून घेणाऱ्याच्या रूपात.

पुढे ही रीत पक्की होत गेली. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अधिकारी नेमले गेले, ते शक्यतो निरनिराळ्या जातींचे असत, आणि त्यांच्या बदल्या होत. एकाने फितायचे ठरवले तर दुसरे दोघे आड येत. चाकरीचा मोबदला शक्यतो रोख, जमिनीच्या रूपात नाही. बखरकार सभासद सांगतो की देशमुखांचे हुडे-वाडे पाडून त्यांना रयतेसारखी साधी घरे बांधून राहायला लावले. वतन एकदम बुडवले नाही, पण वतनाची तटबंदी काढून घेतली.

यात रक्तही सांडले, आणि ते आपल्याच माणसांचे. जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांना मारून. मोरे मराठाच होते. त्यांच्या लेखी भोसले हा विजापूरचा दुसरा एक जहागीरदार होता आणि जावळी आपली पिढीजात. आपण ही हकीकत झटपट उरकतो. पण नव्या राज्याचा पहिला अडथळा घरातच असतो, हे कुठल्याही देशाच्या स्वातंत्र्याच्या कथेत आढळते.

कारीच्या देशमुखाने सोडलेले पाणी

कसोटीची घडी १६५९ साली आली. अफजलखान विजापूरहून निघाला. त्याच्या आधी मावळच्या देशमुखांच्या दारी आदिलशाही फर्माने पोहोचली. भोरजवळच्या कारी गावचे कान्होजी जेधे यांना आलेल्या फर्मानावर १६ जून १६५९ ही तारीख पडते. मजकूर दरबारी रिवाजाचा: शिवाजीची साथ सोडा, खानाला मदत करा, तुमचे बरे होईल, नाही केले तर परिणाम भोगाल. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. आणखीही काही गेले.

कान्होजी फर्मान घेऊन आपल्या मुलांसह राजगडाला आले. जेधे घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या लिखित हकीकतीत, ही भेट नोंदली आहे. राजांनी त्यांना सरळ सांगितले की शेजारी खानाकडे गेले, तुम्ही राहिलात तर वतनाला धोका आहे, तेव्हा तुम्हीही जा. कान्होजींनी पूर्वी शहाजीराजांची चाकरी केली होती आणि त्यांना शब्द दिला होता. त्यांनी राजांसमोर वतनावर पाणी सोडले.

‘पाणी सोडणे’ हा आपल्याकडचा विधी. दान देताना हातावरून पाणी सोडले की वस्तू आपली राहत नाही. ज्या कागदासाठी भावाने भावाला मारावे, तो कागद एका म्हाताऱ्या देशमुखाने अजून पुरते उभेही न राहिलेल्या राज्यासाठी सोडला. त्याच्या शब्दावर मावळचे इतर देशमुख गोळा झाले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि जंगलात त्याच्या फौजेवर तुटून पडलेल्यांत हीच मावळी माणसे होती. खंडोजी खोपड्याचा पुढे एक हात आणि एक पाय कलम करण्यात आला.

बिनराज्याच्या लोकांपाशी शौर्य, भाषा, देवदैवते, डोंगर सगळे असते. आपल्या हातातला छोटा पण खात्रीचा तुकडा मोठ्या पण बेभरवशाच्या गोष्टीसाठी सोडायला तयार असलेला माणूस मात्र दुर्मीळ असतो. अहमद खानीला आपल्या सरदारांत तो दिसला नाही. मावळात तो एका निर्णायक वेळी दिसला. माझ्या मते मराठी राज्याचा जन्म राजगडावरच्या त्या भेटीत आहे. बाकी सारे त्यानंतरचे.

तेवीस किल्ले, एक काठी, एक कोश

राज्य जन्मले म्हणजे टिकले असे नाही. १६६५च्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला, बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख उरला. दिलेल्या किल्ल्यांत लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे चौघेही होते, म्हणजे पवन मावळचे छप्परच गेले. संभाजीराजांच्या नावे पाच हजारांची मनसब झाली. कागदोपत्री शिवाजीराजे पुन्हा एका बादशहाचे ताबेदार झाले. पुढच्या वर्षी आग्ऱ्याला दरबारात उभे राहावे लागले, तेही मागच्या रांगेत.

आग्ऱ्याहून सुटून आल्यावर तीनेक वर्षे शांततेत गेली. १६७० साली एकामागून एक किल्ले परत आले. फेब्रुवारीत कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. उन्हाळ्यात लोहगडही परत आला. पाच वर्षांनी हे गड नुसत्या तलवारीने परत घेता आले नसते. खालची गावे मनाने मोगलांची झाली नव्हती, म्हणून ते जमले.

त्याचे कारण कारभारात सापडते. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. मापाची काठी ठरली, पाच हात पाच मुठींची. उत्पन्नाचे पाच वाटे करून दोन सरकारचे, तीन रयतेचे. नव्याने वसायला येणाऱ्या कुळाला बैलजोडी आणि बियाणे द्यायचे आणि फेड हप्त्याहप्त्याने घ्यायची. १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, लिहिलेल्या पत्रात राजांनी हाच कारभार बारकाईने समजावून सांगितला आहे. काठी ठरलेली असली की मोजणाऱ्याची लहर चालत नाही. जळून गेलेल्या गावात माणूस पुन्हा नांगर धरतो तो अशा खात्रीवर.

उरला होता तो शहाजीराजांच्या वेळचा पेच. मोगल दरबाराच्या लेखी शिवाजी एक जमीनदारच होता. घरचे मराठा सरदारही मनातून त्यांना बरोबरीचा समजत. राजाच नाही, तर त्याने दिलेली सनद कायदेशीर कशी? म्हणून ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. काशीचे गागाभट्ट आले. क्षत्रियत्व सिद्ध करण्यासाठी वंशावळ पुढे करावी लागली, मुंज करावी लागली. जातीच्या चौकटीत राजेपण बसवण्याची ही किंमत होती, आणि ज्या कुणबी, कोळी, रामोशी, महार, धनगर माणसांच्या बळावर राज्य उभे राहिले, त्यांना त्या चौकटीत जागा नव्हती. समारंभाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता आणि त्याच मुक्कामात त्याने नव्या छत्रपतींशी व्यापारी करार केला. दुसऱ्या सत्तेने तुमच्याशी करार करणे, ही तेव्हाची आंतरराष्ट्रीय मान्यता.

नवे शक सुरू झाले. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. फार्सी हुद्दे बदलले: पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. लोकांच्या जिभेवरचे फार्सी शब्द काही त्याने गेले नाहीत. आजही आपण फिर्याद करतो, अर्ज देतो आणि तारीख घेतो. पण आपले राज्य आपल्या शब्दांत चालावे, हा विचार करून कोशकाराला कामाला लावणारा राजा त्या काळात विरळाच.

जिंजीत लिहिलेली बखर

११ मार्च १६८९ला संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच साली रायगड पडला. येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून शेकडो कोसांवरच्या जिंजीला पोहोचले. राजधानी गेली, तख्त गेले, खजिना गेला. तरी लढाई थांबली नाही.

पण ती चालवायची कशाने? पगाराला पैसा नव्हता. मोगल मराठा देशमुखांना वतने देऊ करत होते. मग छत्रपतींच्या बाजूनेही तेच सुरू झाले. जिंजीहून १६९०च्या मार्चमध्ये बाजी सर्जेराव जेधे देशमुखांना पत्र गेले. हे कान्होजींच्याच घराण्यातले. त्यांनी एकनिष्ठ राहावे म्हणून पत्रात वतनाची हमी द्यावी लागली. तीस वर्षांपूर्वी जे वतन सोडून राज्य उभे केले होते, ते राज्य वाचवण्यासाठी पुन्हा वतनच वाटावे लागले. यात कुणाला दोष द्यायचा? घर पेटलेले असताना दारातली तुळई काढून पाणी आणायच्या वाटेवर टाकावी लागते. मागाहून ती तुळई परत बसवायची राहून जाते, एवढेच.

याच काळात, १६९७ साली, जिंजीत वेढ्याच्या सावटाखाली बसून कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्राची बखर लिहिली. गडांची यादी, अधिकाऱ्यांची नावे, कारभाराची पद्धत, देशमुखांचे वाडे पाडल्याची हकीकत. राज्य हातचे गेले असताना त्याचा नीट नकाशा कागदावर उतरवून ठेवला. पुढच्याच वर्षी जिंजी पडली. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी सात वर्षे लढा चालवला आणि १७०७ साली अहमदनगरला औरंगजेब मेला तेव्हा सह्याद्रीतले किल्ले पुन्हा हातबदल करत होते. इतक्या बलाढ्य बादशहाने पंचवीस वर्षे दख्खनेत घालवूनही राज्य बुडले नाही.

पण ते आधीसारखेही राहिले नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी कडक इशारा दिला आहे: हे लोक दिसायला प्रजा, वागायला लहान लहान राजे, यांना ना तोडावे ना मोकळे सोडावे. जिंजीच्या काळात मुलुखाचा भार सांभाळताना त्यांनीच वतने वाटली होती, म्हणून त्यांचा अनुभव कडवट आहे.

तळेगावची गढी

शिरगावच्या शेजारचे तळेगाव दाभाडे हे या पुढच्या काळाचे चित्र आहे. दाभाडे घराणे शिवकाळापासून चाकरीत होते. खंडेराव राजाराम महाराजांबरोबर जिंजीला गेले आणि १७१७ साली शाहू महाराजांनी त्यांना सेनापती केले. त्यांनी गुजरातेत आपली सत्ता बसवली. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. ‘स्वराज्य’ आता मोगल बादशहाच्या दफ्तरातला एक महसुली शब्द झाला. ज्या शब्दासाठी बादशाही सोडायची होती, त्याचीच बादशाही सनद.

गुजरातच्या वाटणीवरून सेनापती आणि पेशवे भांडले. १ एप्रिल १७३१ला डभईला लढाई झाली आणि खंडेरावांचा मुलगा त्रिंबकराव बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना मारला गेला. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्या पेशव्याकडून पडला. उमाबाई दाभाडे यांनी पुढे घराण्याचा कारभार पाहिला. सरंजाम नावाने जुने वतनच परत आले होते, फक्त आकार प्रांताएवढा झाला होता.

तरीही जानेवारी १७७९ मध्ये मावळ पुन्हा एकदा एकदिलाने उभे राहिले. रघुनाथरावांना पेशवाईवर बसवायला मुंबईहून इंग्रज फौज खंडाळ्याचा घाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, त्याला मराठ्यांनीच कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली तर गाव ओस, दाणागोटा नाही. ११च्या रात्री त्यांनी तोफा तळ्यात टाकून माघार घेतली. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्यांना वडगावला कोंडले आणि शरणागतीचा करार लिहून घेतला. वडगावचे विजयस्तंभ-स्मारक आजही महामार्गालगत आहे.

चाळीसच वर्षांनी चित्र उलटे झाले. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई, १७ला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण. १८१८च्या मार्चमध्ये लोहगड आणि विसापूर जवळजवळ न लढता इंग्रजांच्या हाती गेले. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांनी आपापले तह केले आणि आपापली संस्थाने राखली. देशमुखाने नव्या पातशहाकडून सनद घेऊन घरी यावे, तसेच. कान्होजींनी सोडलेले पाणी आता कुणी सोडले नाही.

शब्द परत येतो

‘स्वराज्य’ हा शब्द महसुली दफ्तरातून पुन्हा माणसांच्या तोंडी आला तो विसाव्या शतकात. १९०६ साली कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी तो उच्चारला, टिळकांनी घरोघर नेला. मावळात त्याचे रूप साधे होते. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, लोकांकडून एकेक पैसा जमवून. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथे राष्ट्रीय शिक्षण देत होते, सरकारने ते १९१० साली बंद पाडले. एका शाळेची सरकारला भीती वाटावी, याचा अर्थ मिर्झाराजांना कळला असता. राज्य आधी गावात मुरते, मग गडावर चढते.

१९४७ला देश स्वतंत्र झाला आणि १ मे १९६०ला मराठी भाषकांचे राज्य झाले. त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. बेळगावचा प्रश्न अजून उभा आहे. आपण वेगळा देश मागितला नाही, मोठ्या घरात आपली खोली मागितली. कॅटलोनिया किंवा कुर्दिस्तानच्या बातम्या वाचताना आपल्याला थोडे त्रयस्थ राहता येते, ते यामुळेच.

पण स्वतःचे राज्य मिळाले की गोष्ट संपते, असे पवन मावळात कुणी म्हणणार नाही. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ला, क्रांतिदिनी, इथले शेतकरी द्रुतगती मार्गावर बसले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. शहराला पाणी लागते आणि खोऱ्यालाही, दोन्ही खरे. पण गोळी झाडणारे सरकार या वेळी विजापूरचे नव्हते, दिल्लीच्या बादशहाचेही नव्हते.

शिरगावहून वर जाताना मला लोहगडापेक्षा रांझ्याचा तो कागद आठवतो. सोळा वर्षेही पुरी न झालेला मुलगा, एक पाटील, आणि दाद मागायला आलेली रयत. वतनदार बदलत गेले. कधी देशमुख, कधी सेनापती, कधी आणखी कुणी. प्रत्येकाला आपला तुकडा राज्याहून मोठा वाटला. रयतेला मात्र दर वेळी एवढेच पाहायचे होते की मोजायची काठी सगळ्यांना एकच आहे ना.